ब्रूनोच्या खाऊसाठी मशीन हप्त्यावर घ्यावं का?

प्रश्न: आमचा लॅब्रॅडॉर ब्रूनो सव्वा वर्षाचा, वजन 30 किलो. सहा महिने प्रशिक्षण चालू आहे. चिकन जर्कीची 70 ग्रॅमची पाकिटं 140 रुपयांना पडतात, महिन्याला वीस संपतात. त्यापेक्षा घरीच चिकन सुकवायचं डिहायड्रेटर मशीन 8,400 रुपयांना, सहा महिन्यांच्या 'नो कॉस्ट' हप्त्यावर घ्यावं का? शेजारच्या दोन घरांतही मोठी कुत्री आहेत, त्यांचाही हाच प्रश्न आहे. (नाशिक)

उत्तर: एकट्याने आणि हप्त्यावर मुळीच घेऊ नका. मात्र महिन्याला 2,800 रुपये जास्त होतात, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

आधी मशीनचा हिशेब. कच्च्या चिकनमध्ये साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं, म्हणून किलोभर बोनलेस सुकवलं की हातात जेमतेम 300 ग्रॅम येतं. बोनलेस 400 रुपये किलो धरा, विजेचे थोडे पैसे मिळवा, की सुकं चिकन किलोला 1,430 रुपयांच्या आसपास पडतं. पाकिटातलं 2,000 रुपयांना. किलोमागे बचत 570. तुमच्या आजच्या 1.4 किलोच्या वापरावर महिन्याला 800 रुपये वाचतात, म्हणजे अकरा महिन्यांत मशीन फिटतं. कागदावर हे छान दिसतं, पण त्यासाठी हा वापर असाच चालू राहावा लागेल. माझ्या मते खरा खर्च तिथेच दडलाय.

कुत्रा मोठा म्हणून तुकडाही मोठा, असं आपण धरून चालतो. ब्रूनोला मात्र 'बस' म्हटल्यावर लगेच काहीतरी चविष्ट मिळालं, एवढंच कळतं. पाच ग्रॅमची अख्खी पट्टी दिली की दहा रुपये गेले. तीच कात्रीने हरभऱ्याएवढी कापली तर रुपयाला एक बक्षीस पडतं. खाऊचा भाव किलोने नाही, तुकड्याने काढा.

दुसरं, जर्कीच हवी असा काही नियम नाही. घरात, जिथे लक्ष विचलित होत नाही, तिथे त्याच्या रोजच्या वाटीतले कोरड्या खाण्याचे दाणेच बक्षीस म्हणून द्या. सकाळीच मूठभर बाजूला काढायचे आणि जेवणातून तेवढे कमी करायचे. वरखर्च शून्य. चिकन राखून ठेवायचं ते बाहेरच्यासाठी: रस्त्यावर दुसरी कुत्री दिसतात आणि तरीही त्याने हाकेला परत यायला हवं, तेव्हा. त्यासाठी रविवारी चिकन उकडा, बारीक तुकडे करा आणि छोट्या डब्यांत फ्रीझरमध्ये टाका. मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी असतात, मनुकाही. महिन्याला दीड किलो कच्चं चिकन पुरेल, 600 रुपये. गाजराचे तुकडे शंभरेक रुपयांचे. प्रवासासाठी दोन पाकिटं, 280. एकूण हजाराच्या आत.

ग्लुकोज बिस्किटं सर्वांत स्वस्त, पण ती मी सुचवणार नाही. मैदा आणि साखर लॅब्रॅडॉरच्या अंगावर फार लवकर दिसते. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की जवळपास चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये असा जनुकीय बदल असतो, ज्यामुळे त्यांची खायची ओढ आणि वजन दोन्ही वाढतं. म्हणून तो मागतो त्यावरून किती द्यायचं हे ठरवू नका. खाऊ दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांपर्यंत असावा, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण सल्ला असतो. 30 किलोच्या कुत्र्याला ते सुमारे 140 किलोकॅलरी होतात. तुमची आजची जर्की एकटीच ती मर्यादा गाठते, आणि घरातली पोळी, दूधभात तर अजून मोजलेलाच नाही.

वाचलेल्या 1,800 पैकी 1,500 रुपयांची आवर्ती ठेव ब्रूनोच्या नावाने बाजूला काढा. दोन वर्षांत 36,000 आणि वर व्याज. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत कंबरेच्या सांध्यांची दुखणी जास्त आढळतात, आणि भूल व औषधांची मात्रा वजनावर ठरत असल्याने त्यांचं बिलही मोठं येतं. असं बिल क्रेडिट कार्डावर ढकलायची वेळ तुमच्यावर येऊ नये, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

या नव्या पद्धतीत महिन्याला 400 ग्रॅम सुकं चिकन लागलं असं धरलं, तरी मशीनमुळे वाचतील 228 रुपये. फिटायला तीन वर्षं. शिवाय 'नो कॉस्ट' हप्त्यावरही अनेकदा प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी बँक लावते. छोटी अक्षरं वाचून घ्या.

शेजाऱ्यांचं गणित मात्र वेगळं आहे. तिन्ही घरांचा मिळून महिन्याला सव्वा किलो वापर असेल, तर प्रत्येकी 2,800 रुपये रोख घालून मशीन वर्षभरात वसूल होतं. तसं ठरलं तर चिकन आधी आतून 74 अंशांपर्यंत शिजवा आणि मगच सुकवायला ठेवा, नुसत्या मशीनच्या उष्णतेवर जंतू मरतीलच असं नाही. आणि कोणी घर सोडून गेलं तर त्याच्या हिश्श्याचं काय, हे तिघांनी आधीच बोलून घ्या.