वाचकांचे प्रश्न : सोलो लावून काय ऐकावे, म्यूट करून काय ठरवावे?

गणेशोत्सवाच्या आधीचे दोन-तीन महिने मुंबईतील लहानमोठ्या स्टुडिओंमध्ये धावपळीचे असतात. त्यामुळे या वेळी आलेल्या पत्रांतही आरत्या, अभंग आणि भक्तिगीतांच्या मिश्रणाविषयीचे प्रश्न अधिक आहेत. मिक्सरवरील सोलो (फक्त निवडलेला ट्रॅक ऐकवणारे) आणि म्यूट (निवडलेला ट्रॅक बंद करणारे) या ज्या दोन बटणांकडे शिकणाऱ्याचे सर्वांत कमी लक्ष जाते, त्यांच्याशी संबंधित चार पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही मित्रांनी मिळून काही अभंग घरीच ध्वनिमुद्रित केले आहेत. मुख्य गायक, कोरस, पखवाज, ढोलकी, टाळ, हार्मोनियम, कीबोर्ड असे करता करता एका अभंगाचे ट्रॅक साठाच्या पुढे गेले. मी प्रत्येक ट्रॅक सोलो करून त्याचे इक्यू (आवाजातील वेगवेगळे पट्टे कमीजास्त करणे) आणि कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणे) नीट लावतो. एकेकटा ट्रॅक सुरेख वाजतो, पण सोलो काढले की सारे गढूळ होते. शिवाय गायकाचा ट्रॅक सोलो केला की त्याचा रिव्हर्बच (आवाजाचा घुमाराच) नाहीसा होतो. असे का होते? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : रिव्हर्बचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. संगणकावरील बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सोलो दाबणे म्हणजे प्रत्यक्षात बाकीचे सर्व चॅनेल म्यूट करणे असते. आपल्या गायकाचा रिव्हर्ब वेगळ्या ऑक्स (इफेक्टचा आवाज परत आणणाऱ्या) चॅनेलवरून परत येत असल्यामुळे तोही त्या ‘बाकीच्यां’मध्ये सापडतो. त्या चॅनेलला सोलो-सेफ करून ठेवले, म्हणजे दुसरा कोणताही ट्रॅक सोलो केला तरी तो बंद होत नाही. प्रो टूल्समध्ये मॅकवर कमांड आणि विंडोजवर कंट्रोल धरून, लॉजिकमध्ये कंट्रोल धरून, तर क्यूबेसमध्ये ऑल्ट धरून त्या चॅनेलच्या सोलो बटणावर क्लिक करावे. रिव्हर्ब आणि डिलेचे सर्व परतीचे चॅनेल प्रकल्प उघडल्याबरोबर सोलो-सेफ करून तसेच टेम्प्लेटमध्ये जतन करावेत. पुढे हा प्रश्न पुन्हा पडणार नाही.

आपला खरा प्रश्न मात्र गढूळपणाचा आहे आणि त्याचे मूळ आपल्या कामाच्या क्रमात आहे. हार्मोनियम सोलो करून ऐकताना ती भरदार वाटावी म्हणून आपण मधला पट्टा वाढवता. कीबोर्ड एकटा ऐकताना त्यालाही तोच भरदारपणा देता. गायकाचा आवाज एकटा ऐकून त्यातही ऊब भरता. साधारण ३०० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात या तिघांचीही बरीच ऊर्जा असते, आणि तिन्ही एकत्र आले की ते एकमेकांना झाकतात. हे झाकणे सोलोमध्ये कधीच ऐकू येत नाही, कारण झाकणारा दुसरा आवाज आपणच बंद केलेला असतो. अभंगातली हार्मोनियम एकटी ऐकली तर किंचित पातळ वाटली पाहिजे, असे मला अनेकदा वाटते. गायकासाठी जागा सोडलेली हार्मोनियम तशीच ऐकू येते.

याहून कमी लोकांच्या लक्षात येणारी एक बाब आहे. कोरसच्या बारा ट्रॅकचा एक ग्रूप केला असेल आणि त्या ग्रूपवर कॉम्प्रेसर असेल, तर त्यातील एकच ट्रॅक सोलो केल्यावर कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचणारी पातळी एकदम खाली येते आणि तो जवळजवळ काम करेनासा होतो. म्हणजे सोलोत आपण जो आवाज ऐकून निर्णय घेता, तो मिश्रणात त्या रूपात अस्तित्वातच नसतो. मास्टरवरील कॉम्प्रेसरचेही तसेच, आणि साइडचेनचे तर त्याहून बिकट: ढोलकीच्या ठोक्याने बासची पातळी दबावी अशी योजना असेल आणि आपण फक्त बास सोलो केला, तर ढोलकीचा सेंड (कॉम्प्रेसरकडे जाणारी तिच्या आवाजाची शाखा) बंद पडून बास मोकळा, मोठा वाजू लागतो. त्यातच सोलो केलेला आवाज साहजिकच हळू वाटतो, म्हणून हात मॉनिटरच्या व्हॉल्यूमकडे जातो, आणि सोलो काढल्यावर पूर्ण गाणे इतक्या मोठ्याने अंगावर येते की कान काही काळ कशाचेच मोजमाप करू शकत नाहीत.

मग सोलो वापरूच नये का? अवश्य वापरावा, पण दोष शोधण्यासाठी. गायकाच्या ओठांचा ‘चट्’ असा आवाज, केबलची खरखर, चुकीचा कट, खिडकीबाहेरून आलेला बसचा हॉर्न हे सोलोतच नेमके सापडतात. ते दुरुस्त करून सोलो लगेच काढावा. दुसरा रास्त उपयोग दोन ट्रॅक जोडीने सोलो करण्याचा आहे. ढोलकीच्या दोन पुड्यांसाठी आपण दोन माइक लावले असतील, तर प्रत्येकाचा ट्रॅक एकटा निर्दोष वाटेल. परंतु त्याच ठोक्याचा आवाज एका माइकपर्यंत १ मिलिसेकंद उशिरा पोहोचत असेल (मुंबईच्या उकाड्यात हे अंतर सुमारे ३५ सेंटीमीटर भरते), तर दोन्ही समान पातळीवर मिसळल्यावर ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी आवाज एकमेकांना खोडतात आणि ढोलकी पोकळ होते. दोन्ही ट्रॅक एकत्र सोलो करून, मोनोमध्ये, एकाची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटवून ऐकावे. कोणत्या बाजूला ढोलकीचे वजन परत येते ते लगेच कळते. तेवढ्याने पूर्ण समाधान झाले नाही, तर एक ट्रॅक किंचित सरकवून पाहावा.

इक्यूचे निर्णय मात्र गाणे पूर्ण वाजत असतानाच घ्यावेत. हे जड जात असेल तर एक मधला मार्ग आहे. क्यूबेसच्या कंट्रोल रूममध्ये ‘लिसन’ हे वेगळे बटण असून त्यात निवडलेला ट्रॅक पुढे येतो आणि बाकीचे गाणे बंद न होता फक्त मंद होते. आर्डर या सॉफ्टवेअरमध्येही सोलो केल्यावर इतर ट्रॅक किती डेसिबलने उतरावेत ते ठरवता येते. बाकीचे गाणे १२ ते १५ डेसिबल खाली ठेवून ऐकल्यास तपशील कळतो आणि संदर्भही सुटत नाही.

प्रश्न : न वापरलेले टेक आणि नको असलेली वाद्ये मी म्यूट करून ठेवतो, तरी संगणक अडखळतोच. ते ट्रॅक पुसून टाकावेत का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : पुसू नयेत. म्यूट केल्याने आवाज थांबतो, पण बहुतेक ठिकाणी त्या ट्रॅकवरील प्लगइन (इक्यू, रिव्हर्ब यांसारखे जोडलेले प्रोग्राम) चालूच राहतात, म्हणून संगणकावरील भार कमी होत नाही. प्रो टूल्समध्ये ट्रॅक इनॅक्टिव्ह, तर क्यूबेसमध्ये डिसेबल करता येतो. लॉजिकमध्ये त्यासाठी ट्रॅकचे ऑन-ऑफ बटण आहे, आणि रीपरच्या पसंतींमध्ये म्यूट केलेल्या ट्रॅकवर प्रक्रियाच करू नये असा पर्याय आहे. जे वाद्य निश्चितपणे वगळले आहे ते असे पूर्ण बंद करून लपवून ठेवावे, म्हणजे मिक्सरवर दिसणाऱ्या प्रत्येक म्यूटचा ‘अजून विचार चालू आहे’ असा एकच अर्थ उरतो. महिनाभराने प्रकल्प पुन्हा उघडल्यावर हा ट्रॅक मुद्दाम बंद केला होता की चुकून, हे कोडे सोडवण्यात बराच वेळ जातो.

म्यूटचा माझ्या मते सर्वांत मोलाचा उपयोग वेगळाच आहे. मिश्रण जमत नसेल तेव्हा पूर्ण गाणे वाजवत एकेक वाद्य म्यूट करत जावे आणि काय हरवले ते ऐकावे. कीबोर्डचा पॅड बंद केल्यावर अभंग अधिक स्वच्छ झाला आणि काहीच उणे वाटले नाही, तर तो पॅड किमान त्या कडव्यात नको आहे. त्यावर आणखी तासभर इक्यू करण्यात अर्थ नाही. साठ ट्रॅकच्या प्रकल्पातील निम्मा गढूळपणा इक्यूला हात लावण्यापूर्वीच अशा रीतीने निघून जातो, असा माझा अनुभव आहे.

कोरस गात नसतानाचे उघडे माइकही म्यूट झाले पाहिजेत. सारख्याच पातळीची, परस्परांशी संबंध नसलेली पार्श्वभूमीची कुजबुज ट्रॅकची संख्या दुप्पट झाली की ३ डेसिबलने वाढते; म्हणजे सोळा ट्रॅकची मिळून एका ट्रॅकपेक्षा १२ डेसिबल अधिक. तुमच्या खोलीतील पंखा आणि बाहेरची लोकल हे तितक्या वेळा मिसळले जातात. येथे म्यूटचे ऑटोमेशन (ठरलेल्या जागी आपोआप म्यूट होण्याची नोंद) लिहिण्यापेक्षा रिकामे तुकडे कापून दोन्ही टोकांना लहान फेड (आवाजाचा हळूहळू चढ-उतार) द्यावा, कारण आवाज चालू असताना झालेला म्यूट ‘टक्’ असा ऐकू येऊ शकतो.

आणखी एक खबरदारी. ट्रॅक म्यूट केल्यावर त्याचा प्री-फेडर सेंड (पातळी ठरवणाऱ्या फेडरच्या आधीच निघणारी शाखा) बंद होतो की चालू राहतो, हे सॉफ्टवेअर आणि त्यातील पसंतींवर अवलंबून असते. क्यूबेसमध्ये त्यासाठी स्वतंत्र पर्याय आहे. म्यूट केलेल्या गायकाचा नुसता रिव्हर्ब ऐकू येत राहिला, तर सेंड प्री-फेडर आहे का ते पाहावे.

प्रश्न : मंडळाला पाठवलेल्या अंतिम फाइलमध्ये आरतीऐवजी केवळ टाळ वाजत होते. माझ्या पडद्यावर तर एकही सोलो दिसत नव्हता. (एक वाचक, लालबाग)

उत्तर : तो सोलो लपवलेल्या किंवा मिटलेल्या फोल्डरमधील ट्रॅकवर राहिला असणार. फाइल तयार करताना सॉफ्टवेअर सोलो-म्यूटची त्या क्षणीची स्थितीच घेते. सर्व सोलो एकदम काढणारे बटण किंवा आज्ञा जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. फाइल काढण्यापूर्वी ती न चुकता वापरावी. सर्व म्यूट काढणारी आज्ञा मात्र त्याच ओघात दाबू नये, नाहीतर मुद्दाम वगळलेले टेकही आरतीत शिरतील. तयार झालेली फाइल दुसऱ्या यंत्रावर, शक्यतो फोनवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकूनच पाठवावी.

प्रश्न : मी संगीत नाटकांना ध्वनिव्यवस्था करतो. प्रयोगात सोलो वापरणे सुरक्षित आहे का? (एक वाचक, दादर)

उत्तर : सोलो कोणत्या प्रकारचा आहे, यावर ते अवलंबून आहे. पीएफएल (फेडरच्या आधीचा आवाज) आणि एएफएल (फेडरच्या नंतरचा आवाज) या प्रकारांत निवडलेला चॅनेल केवळ आपल्या हेडफोनमध्ये येतो, प्रेक्षकांच्या आवाजाला धक्का लागत नाही. सोलो-इन-प्लेस (मुख्य आवाजातूनच बाकीचे चॅनेल बंद करणारा सोलो) चालू असेल, तर मात्र ऑर्गन तपासायला बटण दाबताच सभागृहातील नटांचे आवाज बंद होतील. प्रयोगापूर्वी तो प्रकार सेटिंगमधूनच बंद करावा. बहुतेक मिक्सरवर पीएफएल फेडर आणि म्यूट यांच्या आधीचा आवाज घेतो, त्यामुळे विंगेत उभ्या असलेल्या नटाचा म्यूट केलेला माइकही प्रवेशापूर्वी हेडफोनवर तपासता येतो. एकत्र येणाऱ्या पात्रांसाठी म्यूट ग्रूप (एकाच बटणाने एकत्र बंद होणारे चॅनेल) करावेत. बेहरिंजरच्या एक्स-३२ या डिजिटल मिक्सरवर असे सहा ग्रूप मिळतात. साथीच्या वाद्यांना नटांच्या ग्रूपमध्ये मिसळू नये, म्हणजे पदाच्या मध्येच एखादे पात्र आत गेले आणि आपण त्याचा ग्रूप बंद केला, तरी ऑर्गन आणि तबला चालू राहतील.