हत्तीपाय असलेला माणूस खचणारच, त्यात संशोधन कसलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मानसशास्त्रात एम. ए. झालंय, दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजार आणि मानसिक आरोग्य यावर पीएच. डी. करायची आहे, पण मार्गदर्शक म्हणतात, "आजारी माणूस दुःखी असतो, हे सांगायला संशोधन कशाला?"

मार्गदर्शकांचं निम्मं बरोबर आहे. 'रुग्णांमध्ये नैराश्य जास्त आढळलं' असं सांगणारा आणखी एक प्रबंध नका लिहू. माणूस खचला कोणत्या वाटेने, हे शोधा. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत असे दुर्लक्षित 21 आजार आहेत (चेहरा कुजवणारा नोमा 2023 च्या डिसेंबरात आला), झळ बसलेली माणसं शंभर कोटींच्या वर, आणि प्रत्येकाची वाट निराळी. आफ्रिकेतल्या निद्रारोगात परजीवी थेट मेंदूत शिरतो. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, विचित्र वागतो, आणि घरचे समजतात वेड लागलं. 'पोर्क टेपवर्म' या फीतकृमीच्या अळ्या मेंदूत बसल्या की फिट्स येतात आणि मनावरही परिणाम होतो. कुष्ठरोगात रिअ‍ॅक्शन (अचानक उसळणारी सूज आणि नसांचा दाह) आली की प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यावं लागतं, आणि ते औषधच काहींची झोप नि मनःस्थिती बिघडवतं. त्वचेच्या लीशमॅनियासिसमध्ये फोड पुष्कळदा आपणहून भरून येतो, दुखतही फारसं नाही, पण वण राहतो गालावर. डॉक्टरांच्या लेखी किरकोळ, आरशासमोर नाही. या चौघांना एकच समुपदेशन देऊन काय साधणार?

आता मोजमाप. मी सगळ्यात जास्त इथे चुकले.

सुरुवातीला मी पीएचक्यू-9 ही नैराश्याची प्रश्नावली घेऊन फिरायचे. नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3, एकूण 27 गुण, 10 किंवा जास्त आले की नैराश्याची शंका. हत्तीपाय असलेल्या एका बाईंना विचारलं, झोप लागते का? "पाय ठणकतो, कुठली झोप?" तीन गुण. थकवा? तीन. हालचाली इतक्या मंदावल्यात का, की इतरांच्याही लक्षात यावं? त्यांनी आधी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तीन गुण! भूक आणि उदासी यांचा एकेक धरून झाले 11. त्यातले नऊ पायाचे होते. फॉर्म मिटल्यावर त्या सहज म्हणाल्या, "मापाची चप्पल मिळत नाही. चार वर्षं कुणाकडे गेले नाही." याला माझ्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता.

म्हणून शारीरिक लक्षणांचे गुण वेगळे काढून पाहा. सोबत पार्टिसिपेशन स्केल किंवा कलंक मोजणारी ईएमआयसी प्रश्नावली वापरा. माणूस कुठे जायचं थांबला, काय लपवतो, हे तिथे कळतं. प्रश्नावलीचं भाषांतर मात्र स्वतः चार रुग्णांसमोर वाचून पाहा. 'नैराश्य' हा शब्द ऐकून लोक मान हलवतात, 'कशात मन लागत नाही' म्हटलं की बोलू लागतात.

त्या बाईंचा पाय रोज त्यांची मुलगी धुवायची. साबण, पाणी, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं. याने ताप आणि सुजेचे झटके कमी होतात, हे माहीत आहे. पण मुलीला कुणी काही विचारलं? हत्तीरोगातल्या नैराश्याचा भार 2015 मध्ये एका अभ्यासाने मांडला: रुग्णांचा सुमारे 51 लाख डॅली (आजाराने हिरावलेली निरोगी आयुष्याची वर्षं), शिवाय काळजी घेणाऱ्यांचा दोन लाखांवर. खुद्द हत्तीरोगाचा अधिकृत आकडा तेव्हा 28 लाखांच्या आसपास होता. अंदाजच आहे, गृहीतकं बरीच. तरी मार्गदर्शकांपुढे ठेवायला हरकत नाही. माझ्या मते तुमचा विषय इथेच आहे: पाय धुवायला शिकवणाऱ्या गटांत येऊन मन सावरतं ते झटके कमी झाल्याने, की आपल्यासारखी आणखी माणसं भेटल्याने?

कुष्ठरोग घेतलात तर 'आरएफटी' (रिलीज्ड फ्रॉम ट्रीटमेंट, म्हणजे उपचार पूर्ण) झालेल्यांना सोडू नका. सहा किंवा बारा महिन्यांची औषधं संपली की रजिस्टरमध्ये माणूस बरा. वाकडी बोटं आणि लोकांच्या नजरा तिथेच राहतात.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. प्रकल्पाच्या गाडीवर आजाराचं नाव असेल तर ती लांब उभी करून चालत जा. आम्ही दारात लावली होती. शेजाऱ्यांना तोवर काहीच ठाऊक नव्हतं.

दुसरी, पीएचक्यूचा नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा. 'हो' आलं तर त्याच दिवशी काय करायचं, हे पहिल्या मुलाखतीआधी ठरलेलं हवं. आमच्या संमतीपत्रावर हेल्पलाइनचा नंबर छापला होता, नीतिमत्ता समितीला पुरेसा वाटला होता. एका आजोबांनी 'हो, रोजच' म्हटलं. त्यांच्याकडे फोन नव्हता, वाचता येत नव्हतं. जवळच्या दवाखान्यातला डॉक्टर शोधून त्यांना भेटवेपर्यंत रात्र झाली. आता मी त्या भागातल्या डॉक्टरशी आधी बोलून, तो कोणत्या दिवशी असतो ते विचारून, मगच मुलाखतींच्या तारखा ठरवते.