त्वचेचा लिम्फोमा आणि रोझाई-डॉर्फमन एकदमच? रिपोर्ट चुकलाय का?

सासऱ्यांच्या बायॉप्सीत मायकोसिस फंगॉइडिस म्हणजे त्वचेचा टी-सेल लिम्फोमा आलाय आणि त्याच रिपोर्टात खाली रोझाई-डॉर्फमन पण लिहिलंय, तर लॅबनं घोळ घातला का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, इथेच बडोद्यात हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, ब्लॉक (म्हणजे मेणात बसवलेला बायॉप्सीचा तुकडा) कापायचे आणि स्लाइड रंगवायच्या, तर त्या बाजूनं मला जे माहितीये ते सांगतो.

घोळच असेल असं नाही, दोन्ही एकत्र होऊ शकतं, फक्त फार क्वचित. लिम्फोमा टी-लिम्फोसाइट्सचा, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा, आणि रोझाई-डॉर्फमन हिस्टिओसाइट्सचा, म्हणजे शरीरातला कचरा गिळणाऱ्या पेशींच्या खानदानातला. १९६९ मध्ये रोझाई आणि डॉर्फमन या दोघांनी तो वेगळा आजार म्हणून मांडला. स्लाइडवर मोठ्या फिकट पेशीच्या पोटात अख्खे लिम्फोसाइट्स दिसतात, गिळलेले पण न पचलेले, एकदा बघितलं की विसरत नाही माणूस.

पण खरी मेख अशी की हिस्टिओसाइट्स दिसले म्हणजे दुसरा आजार आहेच असं होत नाही. लिम्फोमाच्या आजूबाजूला ते नुसते प्रतिक्रिया म्हणून पण गोळा होतात, मायकोसिस फंगॉइडिसचा ग्रॅन्युलोमॅटस नावाचा एक प्रकारच आहे तसा. म्हणून आधी बघा आयएचसी झालंय का, म्हणजे पेशींवरच्या खुणा (मार्कर) ओळखायची खास रंगाची तपासणी; खालची एस-१००, सीडी६८ वगैरे त्या मार्करचीच नावं. रोझाई-डॉर्फमनमध्ये एस-१०० आणि सीडी६८ पॉझिटिव्ह आणि सीडी१ए निगेटिव्ह येतं. सीडी१ए आणि लँगरिन दोन्ही पॉझिटिव्ह असेल तर मग विचार लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिसचा करतात, तो वेगळा आजार. लिम्फोमासाठी सीडी३, सीडी४, सीडी७ आणि जमलं तर टी-सेल क्लोनॅलिटी, म्हणजे टी-पेशी सगळ्या एकाच पेशीपासून वाढल्यात का ते बघणारी टेस्ट. यातलं काहीच नसेल आणि नुसत्या साध्या रंगाच्या स्लाइडवर दोन नावं लिहिली असतील तर मी तरी तेवढ्यावर थांबलो नसतो.

लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्या, अर्ज दिला की मिळतात, आणि परळच्या टाटाला किंवा लिम्फोमा बघणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे रिव्ह्यूला द्या. ब्लॉक उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका हां, मेणाचे असतात, बडोद्याच्या मे महिन्यात पार वितळतील.

परत बायॉप्सी करायची म्हणाले तर मेडिकलवाल्यानं गजकर्ण समजून दिलेली ट्यूब सासरे लावत होते का ते डॉक्टरांना आधीच सांगा, कारण त्या मिक्स क्रीममध्ये बऱ्याचदा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं आणि त्यानं चट्टा दबला की तुकड्यात लिम्फोमा नीट सापडतच नाही, आणि क्रीम किती दिवस बंद ठेवायचं ते तेच सांगतील.

ट्रीटमेंटचं म्हणाल तर रोझाई-डॉर्फमन नुसता त्वचेपुरता असेल तर पुष्कळदा फक्त लक्ष ठेवतात, आणि सुरुवातीच्या लिम्फोमाला क्रीम किंवा यूव्हीबीचा (अतिनील किरणांचा) शेक देतात, म्हणजे लगेच केमोच असं काही नाही. गाठी किंवा आतले अवयव धरलेत का, पेट-सीटी लागेल का, हे मात्र पुढच्या व्हिजिटला स्पष्ट विचारा.