विमान सव्वा तासाचं, शुक्रवार सहा तासांचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या शहरात 30 टक्के जास्त पगाराची नोकरी मिळतेय. कुटुंब हलवायचं नाही, तिथे एक खोली घ्यायची, दर शुक्रवारी विमानाने घरी यायचं आणि सोमवारी पहाटे परतायचं. संकेतस्थळावर दोन विमानतळांमधलं अंतर 1,000 किलोमीटर आणि वेळ सव्वा तास दिसतो. तेवढं सहज जमेल असं धरून, वाढीव पगारावर मोठ्या घराचं कर्ज काढावं का?

कर्ज आत्ता अजिबात नको. नोकरीलाही लगेच हो म्हणू नका.

तो सव्वा तास म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर भागिले ताशी 800 किलोमीटर, एवढंच गणित. प्रत्यक्षात विमान धावपट्टीकडे रांगेत सरकतं, ठरलेल्या हवाई मार्गांनी वळसे घेतं, उतरायला जागा नसेल तर घिरट्या घालतं. तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते आणि हे सगळं धरून छापलेली असते. त्यामुळे तिथे दोन तासांच्या आसपासचा आकडा दिसेल. जाता-येता तो सारखाही नसेल. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात; न्यूयॉर्कहून लंडनला साधारण सात तास लागतात, परतताना आठ.

आता तुमचा शुक्रवार. पाचला ऑफिस सोडलं, सहाला विमानतळ, साडेसातचं विमान, साडेनऊला दार उघडलं. बॅग, टॅक्सी, घर: अकरा. दुसरीतली तुमची लेक तोवर झोपलेली असेल. विमान उशिरा सुटलं तर बारा.

म्हणजे एका बाजूचे सहा, आठवड्याचे बारा तास. तुमचं काम आठवड्याला 40 तासांचं. त्यावर 12 म्हणजे बरोबर 30 टक्के. पगारवाढही 30 टक्केच. थोडक्यात, तासाला मिळणारा पैसा आजच्याइतकाच राहतो, आणि त्यातून खोलीचं भाडं, तिकिटं, टॅक्सी अजून जायची आहेत. वाढीव रकमेवर करही लागेल. हा हिशेब मी दोनदा तपासला, कारण तुमच्या पत्रातला आनंद मला दिसत होता.

तिकिटांबाबतही सावध करतो. भाडं अंतरावर ठरत नाही, मागणीवर ठरतं. शुक्रवार संध्याकाळ आणि सोमवार पहाट या वेळा तुमच्यासारख्या सगळ्यांनाच हव्या असतात. आधी काढलेलं स्वस्त तिकीट बैठक लांबली की बुडतं, आणि मग आयत्या वेळचं घ्यावं लागतं. बजेट करताना आज दिसणारं सर्वांत स्वस्त भाडं धरू नका. पुढच्या तीन शुक्रवारांची भाडी पाहा, त्यांची सरासरी धरा.

मार्ग आहे. कंपनीकडे पगार आणखी वाढवून मागण्यापेक्षा पंधरवड्यातून एकदाच येण्याची मुभा मागा: एक आठवडा तिथे, एक घरून. 80 तासांच्या कामामागे प्रवास 12 तासांवर येतो, म्हणजे 15 टक्के. तिकिटंही निम्मी होतात. मुक्काम निम्मा असल्याने भाड्याची खोलीही टाळता येईल का ते पाहा. हे नेमणूकपत्रात लेखी मिळालं तर खुशाल रुजू व्हा.

कर्जाचा विचार सहा महिन्यांनी. तोवर भावी हप्त्याएवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. सहाही महिने ती तशीच राहिली, तर आकडे घेऊन मला पुन्हा लिहा.