अटकेचा कागद मराठीत, माणूस तेलुगू वाचणारा

प्रश्न : माझा चुलतभाऊ यंत्रमागावर कामाला आहे. मराठी कामापुरती बोलतो, वाचता फक्त तेलुगू येते. गेल्या आठवड्यात मारामारीच्या फिर्यादीवरून त्याला अटक झाली. एका मराठी कागदावर सही घेतली आणि दुसऱ्या दिवशी कोर्टातून पोलीस कोठडी मिळाली. कागदात काय होतं ते त्याला अजून ठाऊक नाही. आता काही करता येईल का?
— एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : येईल. आधी वकिलामार्फत त्या कागदाची प्रत मिळवा. त्यावर नुसतं ‘सखोल तपास करणे आहे, साक्षीदारांवर दबाव येऊ नये’ असं असेल, तर ती झाली अटकेची कारणं. ती कुणालाही लागू पडतात. संविधानाच्या अनुच्छेद २२(१) नुसार कळवायचे असतात ते अटकेचे आधार : कुठे, केव्हा, कुणाला मारल्याचा आरोप आहे आणि त्यात याच माणसाचा हात कसा. प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात (२०२४) सर्वोच्च न्यायालयाने हा फरक नेमका मांडला.

भाषेचा मुद्दा त्याहून जुना. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६२) या खटल्यात फक्त हिंदी जाणणाऱ्या माणसाला इंग्रजी कागद दिला, म्हणून त्याची स्थानबद्धताच (खटल्याविना डांबून ठेवणं) रद्द झाली. मिहिर शाह प्रकरणातल्या ६ नोव्हेंबर २०२५ च्या निकालाने तर सगळ्याच गुन्ह्यांसाठी सांगितलं : आधार लेखी द्या, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्या, आधी तोंडी सांगावे लागले असतील तरी रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला, कोर्टापुढे उभं करण्यापूर्वी किमान दोन तास लेखी हातात हवेत. आपल्याकडे पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड घरोघरी. ‘मराठी बोलतो की’ हे उत्तर इथे मुळीच ऐकून घेऊ नये. मागावर चार वाक्यं बोलणं वेगळं, कलमं लिहिलेला कागद वाचणं वेगळं.

पुढच्या रिमांडच्या तारखेलाच हे सगळं लेखी अर्जात मांडा. बहुतेक घरं इथेच चुकतात : सगळी धावपळ जामिनासाठी होते, कागदाचा मुद्दा नोंदलाच जात नाही आणि नंतर ‘तेव्हा का बोलला नाहीत?’ असं विचारलं जातं. आधार नीट कळवले हे सिद्ध करणं पोलिसांवर आहे आणि रिमांड मिळाल्याने बेकायदा अटक कायदेशीर होत नाही. दोन्ही गोष्टी विहान कुमार निकालात (२०२५) आहेत. मात्र या मुद्द्यावर सुटका झाली तरी गुन्हा कायम राहतो; आधार देऊन पोलीस पुन्हा रिमांड मागू शकतात.

अर्ज फेटाळला तर उच्च न्यायालय. सोलापूर जिल्ह्यासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबई गाठायला नको. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.

आणि भावाला सांगून ठेवा : यापुढे सही करावीच लागली, तर तिच्याखाली तेलुगूतच ‘मजकूर समजला नाही’ असं लिहून तारीख आणि वेळ टाकायची.