केमोच्या काळात एचआरव्ही (हृदयाच्या ठोक्यांमधल्या वेळेत होणारा कमी-जास्तपणा) मोजताय? मग हे बघा

पहिलं म्हणजे दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना नको. आरएमएसएसडी (एचआरव्ही ज्या मापात सांगतात तो आकडा) एकाचा २० मिलिसेकंद, दुसऱ्याचा ६०, आणि दोघेही ठणठणीत असू शकतात. जमलं तर केमो सुरू व्हायच्या आधीच आठ-पंधरा दिवस रोज मोजून ठेवा, पुढे ताडून बघायला तेच उपयोगी पडतं.

सकाळी उठून लघवीला जाऊन यायचं आणि चहा-कॉफीच्या आधी पाच मिनिटं आडवं पडून मोजायचं. बोलू नका, मुद्दाम संथ श्वासही घेऊ नका, त्याने आकडा उगाच फुगतो. मनगटी घड्याळापेक्षा छातीचा पट्टा भरवशाचा. रेडिएशनने त्वचा हुळहुळी झाली असेल तर मात्र पट्टा नको.

शेजारी झोप, उलट्या, हिमोग्लोबिन, डेक्सामेथासोन (केमोसोबत देतात ते स्टेरॉइड) किंवा बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी) घेतली का, तेही लिहा. नुसत्या आकड्यावरून डॉक्टर तरी काय सांगणार? एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) किंवा पेसमेकर असेल तर हा खटाटोपच सोडा.

एका दिवसाची घसरण मनावर घेऊ नका, आठवड्याची सरासरी बघा. गाठ वाढली की कमी झाली हे यातून कळत नाही, तो नाद नकोच. आणि ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला तर एचआरव्ही कितीही छान दिसो, लगेच हॉस्पिटलला फोन करा.