क्वाहॉग म्हणजे तिसऱ्याच का?

प्रश्न : अमेरिकेत ऱ्होड आयलंडला मुलीकडे आले आहे. इथे दगडासारख्या जाड कवचाच्या शिंपल्या ‘क्वाहॉग’ नावाने मिळतात. हे नाव कुठलं? त्यांचं तिसऱ्यांसारखं सुकं होईल का?

उत्तर : नाव तिथल्याच नॅरागॅन्सेट या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं. ऱ्होड आयलंडची वसाहत वसवणाऱ्या रॉजर विल्यम्स यांनी १६४३ मध्ये ‘पोक्वाहॉक’ असा शब्द नोंदवला. पुढे इंग्रजांच्या तोंडी त्याचं डोकं उडालं. शास्त्रीय नाव ‘मर्सेनारिया’, लॅटिनमधल्या ‘मजुरी’ अर्थाच्या शब्दावरून. कवचाच्या आत कडेला जांभळा डाग दिसेल. या कवचाचे ‘वॉम्पम’ नावाचे मणी वसाहतकाळात पैशासारखे चालत.

सुक्यासाठी सर्वांत लहान, ‘लिटलनेक’ घ्या. मोठ्या चिवट, त्या बारीक चिरून सूपमध्येच बऱ्या. उघडी शिंपली टिचकी मारूनही मिटली नाही तर फेकून द्या. बाकीच्या, वाळू निघावी म्हणून, लिटरभर पाण्याला ३५ ग्रॅम मीठ घालून त्यात तासभर ठेवा. नळाच्या गोड्या पाण्यात त्या मरतात. मग घासून, पेलाभर पाण्यावर झाकून वाफवा. ५ ते १० मिनिटांत उघडतात. उघडेल ती लगेच काढा, नाहीतर मांस रबरासारखं होतं. न उघडलेली फेकाच. उरलेलं पाणी फडक्यातून गाळून मसाल्यात घाला. ते मुळात खारट असतं, म्हणून मीठ शेवटी, चव पाहूनच.